‘गोपनीयता धोरण’ की आणखी काही?

भाषांतरवाली
एका ॲपचा मराठी मजकूर तपासते आहे. प्रायव्हसी पॉलिसीला सगळीकडे ‘गोपनीयता धोरण’ लिहिलेलं दिसतं. मला ते खटकतं, पण का ते धड सांगता येईना. क्लायंटचं म्हणणं, “रूढ झालंय, राहू दे.” एरवी राहू दिलंही असतं. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे आपली माहिती कशासाठी घेतायत याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले, कंपन्यांना तयारीला अठरा महिने मिळाले. म्हणजे हा मराठी शब्द आता शोभेचा राहिला नाही. सुचवा.

जुना कारकून
खटकतं ते बरोबरच आहे. ‘गुप्’ धातूवरून गोपनीय, म्हणजे झाकून ठेवण्याजोगं. आमच्या कचेरीत ‘गोपनीय अहवाल’ असायचा. लाखबंद पाकीट, आणि ज्याच्याबद्दल अहवाल त्यालाच आत काय आहे ते ठाऊक नसायचं. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात तिथेही अर्थ हाच, कामात कळलेलं बाहेर फोडणार नाही. त्यामुळे ‘आमचे गोपनीयता धोरण’ वाचलं की कंपनीच काहीतरी दडवते आहे असं वाटतं. (कधीकधी अर्थ बरोबर लागतो म्हणा.)

पौडफाटा
माझ्या सासूबाईंचा किस्सा सांगते. कोथरूडमधल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने बिल करताना विचारलं, “काकू, मोबाइल नंबर?” मागे चार माणसं उभी. सासूबाईंनी दहा आकडे खणखणीत म्हणून दाखवले. पुढच्याच आठवड्यापासून गुडघ्याच्या तेलाचे आणि साखर तपासणीच्या पॅकेजचे मेसेज सुरू. त्या चिडून म्हणाल्या, “मला साखर आहे हे काही मी लपवत नाही. पण म्हणून याने गावभर सांगावं?” यात ‘गोपनीय’ काय आहे? काहीच नाही. तरी काहीतरी मोडलं गेलंय.

गंमत म्हणजे कायद्यातच औषधाच्या दुकानाचं उदाहरण आहे. पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवा म्हणून गिऱ्हाइकाने आपणहून नंबर दिला, तर तो त्या पावतीपुरता वापरता येतो. तेलापुरता नाही.

जुना कारकून
सासूबाईंनी फरक नेमका पकडला. जे मोडलं गेलं त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, ‘खासगी’. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ (घराण्याचा) आणि ‘दौलत’ (राज्याचा) असे दोन वेगळे हिशोब होते. अहिल्याबाईंनी देशभर घाट नि देवळं बांधली ती खासगीतून. आता घाट काय कोणी लपवून बांधतं? खासगी म्हणजे लपवलेलं नव्हे. ते कोणाच्या अखत्यारीतलं आहे, एवढंच तो शब्द सांगतो. पुण्यात खासगीवाले आडनाव आहे, ते काही गुपितं राखणाऱ्यांचं नाही. माझं मत ‘खासगीपणा धोरण’ला. कानाला जरा बोजड लागेल, पण अर्थाला चोख.

चकली
खासगी की खाजगी?

जुना कारकून
दोन्ही चालतात. मी ‘स’वाला, कारण मूळ ‘खास’. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

तिसरी घंटा
हिंदीतला ‘निजता’ उचलला तर? आटोपशीर आहे.

पौडफाटा
मराठीत ‘निज’ म्हटलं की आधी झोप येते. निजता निजता संमती दिली, असं होईल. (तेच होतं, पण शीर्षकात नको.)

भाषांतरवाली
‘खासगीपणा’ पटतंय. पुढची अडचण बटणाची. ‘ॲक्सेप्ट’ला ‘मंजूर’ केलंय. आणि कायद्यात ज्याची माहिती त्याला ‘प्रिन्सिपल’ म्हटलंय, त्याचं काय करू?

तिसरी घंटा
प्रिन्सिपल म्हणजे बँकेत मुद्दल आणि कॉलेजात प्राचार्य. ग्राहकाची अवस्था दोन्हीपैकी मुद्दलासारखी. सरळ ‘माहितीची धनी व्यक्ती’ लिहा. त्या इंग्रजी कायद्यात व्यक्तीसाठी सरसकट ‘ती’ वापरलंय, पुरुष असो वा स्त्री. आपली ‘व्यक्ती’ मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे मराठीत ते आयतं बसतं.

जुना कारकून
‘मंजूर’बद्दल. तो अरबीतून आला, ‘नजर’ आणि तो एकाच धातूचे. कोर्टातला नाझरही त्याच घरातला. मूळ अर्थ ‘पाहिलेलं’, नजरेखालून गेलेलं. साहेबांनी कागद पाहिला म्हणजे मंजूर झाला, असा पुढचा प्रवास. आणि आपण ते बटण नेमकं न पाहता दाबतो! कायदा मात्र संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामापुरती, समजून-उमजून, बिनशर्त आणि निःसंदिग्ध दिलेली हवी म्हणतो. ‘संमती’त मती आहे, तीही लागेलच. बटणावर ‘वाचलं, संमती आहे’ करा.

चकली
न वाचता ‘वाचलं’ दाबायला लावणं म्हणजे खोटं बोलायला लावणं.

भाषांतरवाली
चकली, मुद्दा खरा आहे. आज कॉल झाला. ‘खासगीपणा धोरण’ क्लायंटने कुरकुरत मान्य केलं, ‘धनी व्यक्ती’वर हसले पण घेतलं. बटणावर ‘संमती आहे’ आणि शेजारी तेवढ्याच आकारात ‘संमती नाही’ असं मी लिहून दिलं. डिझायनरच्या मते दुसरं मावत नाही. मग मी कायद्यातलं कलम दाखवलं, की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. ‘संमती मागे घ्या’ला लगेच जागा निघाली. सेटिंग्जमध्ये, चौथ्या पानावर, राखाडी अक्षरांत. उद्या पुन्हा कॉल आहे.