फॉर्ममध्ये सगळीकडे "ठीक आहे" लिहिलंय, यातून काय समजायचं?

अबोली_घर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. आमच्याकडे ८ महिन्यांपासून एक मुलगी फॉस्टर केअरमध्ये आहे, म्हणजे दत्तक नाही, काही काळ सांभाळायला, १४ वर्षांची. त्याआधी ती दोन घरांत राहून आलीय. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या कुटुंबाकडे आहे. आमचा स्वतःचा मुलगा १६ चा. मुलगी शांत आहे, अभ्यासात बरी, उलट बोलणं नाही की हट्ट नाही, लोक म्हणतात तुम्ही नशीबवान, पण मलाच आत कुठेतरी खटकत राहतं.

मागच्या आठवड्यात आढावा मीटिंग होती. त्याआधी तिला एक फॉर्म भरायचा होता, या घरात कसं वाटतं, कुणाशी मोकळेपणाने बोलता येतं का, काही बदलावंसं वाटतं का असे बारा-तेरा प्रश्न. तिने जेवणाच्या टेबलावर बसून पाच मिनिटांत भरला आणि माझ्या हातात दिला. सगळीकडे एकच उत्तर, "ठीक आहे". काही बदलावंसं वाटतं का याच्यापुढे पण "ठीक आहे". मीटिंगमध्ये सगळ्यांना हायसं वाटलं, प्लेसमेंट, म्हणजे तिचं आमच्याकडे राहणं, व्यवस्थित चाललंय असं लिहिलं आणि विषय संपला.

आणि मी घरी येऊन विचार करतेय की जिचं सगळं ठीक आहे तिने ८ महिन्यांत मला एकदाही हाक का मारली नाही. काकू नाही, मावशी नाही, काहीच नाही. काही हवं असेल तर जवळ येऊन उभी राहते, माझं लक्ष जाईपर्यंत थांबते आणि मग बोलते. फ्रिज उघडायच्या आधी अजूनही माझ्याकडे बघते. अख्खं कपाट रिकामं करून दिलंय तरी तिची बॅग कॉटखाली अर्धी भरलेली आहे. जे स्वतः असे वाढलेत किंवा ज्यांनी मुलं सांभाळलीत त्यांनी प्लीज सांगा, या मुलांना आपल्याबद्दल, या सगळ्या व्यवस्थेबद्दल आतून काय वाटत असतं? आणि ते विचारायचं कसं?

निवांत_७:
ताई, १४ वर्षांची पोरं सगळ्यालाच ठीक आहे म्हणतात हो. माझी स्वतःची मुलगी शाळेतून आली की एवढंच बोलते. तुम्ही मनापासून करताय ते दिसतंय, उगाच खोदत बसू नका, तिला तिचा वेळ घेऊ द्या.

पाखरू_परतीचं:
निवांत, तुमच्या मुलीने चुकून काही वेडंवाकडं बोललं तरी संध्याकाळी ती त्याच घरात असणार हे तिला माहीत आहे, फरक तिथे आहे. रागावू नका, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी ९ ते १८ वयात चार घरांत वाढलो, आता २९ चा आहे. पहिल्या घरात असताना मी फॉर्मवर खरं लिहिलं होतं. काय, तर रात्री पॅसेजमधला लाइट बंद करतात आणि अंधारात बाथरूमला जायची मला भीती वाटते. एवढंच. कुणीतरी ते वाचून घरच्यांना विचारलं, त्यांना वाटलं मी त्यांची तक्रार केली, दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही आणि पुढे महिन्याभरात मला हलवलं. कारण वेगळंच असेल कदाचित, मला ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. पण दहा वर्षांच्या पोराने आपला हिशोब लावला की लाइटचं लिहिलं म्हणून घर गेलं. त्यानंतर ८ वर्षं प्रत्येक फॉर्मवर मी ठीक आहे हेच लिहिलं. तुमच्या मुलीचं असंच काही झालं असेल असं नाही म्हणत मी, पण दोन घरं बघून आलेलं मूल खरं बोलायच्या आधी त्याची काय किंमत पडेल ते मोजतं.

आता हाकेचं. मला माझी चौथ्या घरातली माणसं खूप आवडायची, आजही मी तिथे जातो, पण त्या बाईंना आई म्हणणं म्हणजे माझ्या आईला पुसून टाकणं असं वाटायचं, आणि काकू म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल असं वाटायचं, म्हणून मी पण असाच जाऊन उभा राहायचो!! वाचताना अंगावर काटा आला खरं सांगतो. शेवटी त्यांनीच एकदा भांडी आवरता आवरता सहज म्हटलं, तुला जे तोंडात येईल ते म्हण, माझं काही अडत नाही, तुझी आई आहेच. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. आईचं नाव त्यांनी स्वतःहून घेतलं ना, ते मला फार मोठं वाटलं होतं, कारण आधीच्या घरांत तो विषयच निघायचा नाही, जणू मी आकाशातून पडलोय.

बाहेरच्या लोकांना एकतर दुःखी मूल दिसतं नाहीतर कृतज्ञ मूल. मला एकाच वेळी या घरातून जायचं नव्हतं आणि रोज रात्री आईची आठवण पण यायची. आणि नशीब काढलंस असं कुणी म्हटलं की माझी तर वाचाच बसायची, कारण ज्याचं नशीब चांगलं त्याने रडायचं कसं?

बॅगेला हात लावू नका. तिची ती एकच वस्तू आहे जी प्रत्येक घरात तिच्याबरोबर आलीय.

रानवाटा:
मी या क्षेत्रात १८ वर्षं सोशल वर्कर आहे. पाखरू, तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या प्रत्येक नवीन माणसाने वाचायला हवं. मी स्वतःही सुरुवातीच्या वर्षांत असे "ठीक आहे" वाले फॉर्म समाधानाने फाइलला लावलेत, आज त्याचं वाईट वाटतं.

अबोली ताई, पहिली गोष्ट, फॉर्म तुमच्या टेबलावर भरून तुमच्याच हातात दिला गेला तर त्यात तुमच्या घराबद्दल खरं येणार कसं? यात तुमची चूक नाही, आम्हा लोकांची आहे. पुढच्या वेळी सोशल वर्करने तिला एकटीला भेटावं, घराबाहेर चालता चालता बोलावं असं तुम्हीच सुचवा. आणि लिहिलेलं कोण वाचणार, त्याचं पुढे काय होणार, काय गुप्त राहील आणि काय सांगावंच लागेल हे तिला आधी कळायला हवं, मगच ती ठरवू शकेल किती बोलायचं.

हा तिचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडायचा आणि वय-समज बघून ते मत विचारात घेतलं जाण्याचा हक्क दिलाय. कलम २५ प्रमाणे घराबाहेर ठेवलेल्या मुलाच्या परिस्थितीचा ठराविक काळाने आढावा घ्यायचा असतो, तुमची मीटिंग म्हणजे तोच आढावा. पण मी किती मीटिंगा बघितल्यात जिथे मूल खुर्चीत बसलेलं असतं आणि मोठी माणसं "त्याचं" "तिचं" करत त्याच्या डोक्यावरून बोलत असतात.

आणि एक, तुम्ही भावाचं एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथेच अडकले. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात स्पष्ट आहे की जिव्हाळा असलेल्या भावंडांना शक्यतो वेगळं करू नये, आणि करावं लागलंच तर संपर्क टिकवायचा प्रयत्न करावा. मुलं मोकळी होऊन बोलायला लागली की आई-वडील आणि भावंडं याबद्दल जेवढं बोलतात तेवढं दुसऱ्या कशाबद्दल नाही. पॉलिन बॉस या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात अशा वियोगाला "अँबिग्युअस लॉस" असं नाव दिलं, म्हणजे माणूस गेलेलं नाही पण जवळही नाही, त्यामुळे धड शोक करता येत नाही आणि धड वाटही बघता येत नाही. ती भावाला कधी भेटते? तारीख कोण ठरवतं? तिला कोण कळवतं?

निवांत_७:
पाखरू, रागावले नाही, उलट डोळ्यात पाणी आलं. मी हा विचारच केला नव्हता. फक्त एक विचारते, अशी घरं बदलण्यापेक्षा संस्थेत एका जागी राहिलेलं बरं नाही का?

रानवाटा:
लहान मुलांच्या बाबतीत तरी उत्तर बरंच स्पष्ट आहे. रोमानियात बुखारेस्टला २००० च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला, संस्थेतली १३६ बाळं, त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं फॉस्टर कुटुंबात ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, माणसांशी जुळणारं नातं सगळंच जास्त चांगलं वाढलं, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. पण सारखं घर बदलणं हे वेगळं दुखणं आहे. मोठ्या मुलांना विचाराल तर एक चांगलं माणूस टिकून राहावं एवढंच त्यांचं मागणं असतं, मग ते घरातलं असो, शाळेतलं असो, की आमच्यातलं.

मधली_खोली:
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या घरी माझ्या लहानपणी फॉस्टरची मुलं यायची, मी घरचा मुलगा. तुमच्या १६ वर्षांच्या मुलाशी पण बोला. आमच्याकडे आलेला एक जण माझ्यापेक्षा वर्षाने मोठा होता, तो दोन वर्षं राहिला आणि एके दिवशी मी शाळेतून आलो तर गेलेला. त्याचं ठरलेलं होतं, मोठ्यांना माहीत होतं, मला सांगितलं तर मी रडेन म्हणून नाही सांगितलं. आणि त्याला पण आदल्या रात्रीच कळलं होतं. मला वाटतं जाण्यापेक्षा ते असं कळणंच त्याला जास्त लागलं असेल. खूप वर्षांनी भेटला तेव्हा त्याने पहिलं हे विचारलं की तुझी सायकलची चावी तुला मिळाली का, घाईत माझ्याच खिशात राहिली होती.

अबोली_घर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाखरू, तुमचं पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवलं, आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो.

रविवारी कपडे घड्या घालताना मी तिला म्हटलं, तू फॉर्मवर काही वेगळं लिहिलं असतंस तरी तुला इथून कुणी पाठवणार नव्हतं, आमच्याकडून तर नाहीच. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, भावाची भेट दोनदा पुढे ढकलली आणि मला दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी कळलं. रानवाटा ताई, तुम्ही विचारलंत ते हेच. मला फोन आठवड्याभर आधी आला होता. तिला उगाच वाईट वाटेल म्हणून मीच थांबले होते. तिला सांगितलं की मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, चुकलं माझं. ती म्हणाली, मला वाटलं त्यालाच यायचं नाहीये.

इतके दिवस हे डोक्यात घेऊन ती माझ्याकडे बघून मग फ्रिज उघडत होती.

आता कॅलेंडर तिच्या खोलीत लावलंय, तारखा कळल्या की तीच लिहिते. पेन्सिलने लिहिते. सोशल वर्करला मेल केलाय की काही बदललं तर आधी तिला फोन करा, आणि पुढच्या वेळी तिला एकटीला भेटा. हाक अजून मारत नाही, बॅग पण आहे तिथेच.

एकच विचारायचं राहिलं. काल तिने विचारलं मी इथे किती दिवस आहे. मला खरंच माहीत नाही, तारीख कुणाकडेच नाही. काय सांगू?

पाखरू_परतीचं:
हेच सांगा की माहीत नाही, आणि जेव्हा कळेल तेव्हा त्याच दिवशी तुला सांगेन. नंतर मात्र खरंच त्याच दिवशी सांगा, रात्र झाली असली तरी.