मदत हवी आहे: संध्याकाळच्या भुकेला काय खाऊ?

नमस्कार मंडळी. वय ४२, रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकल. गेल्या महिन्यात एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४). डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि चालायला सांगितलंय. चालणं जमवलंय, ऑफिस ते स्टेशन आता पायीच जाते.

अडतं ते संध्याकाळी सहाला. कडकडून भूक लागते आणि समोर वडापाव! भाजलेले चणे नेले, पण तासाभरात पुन्हा भूक. मटकीची उसळ या उकाड्यात तोवर आंबते. सकाळी सातला भरलेलं टिकेल आणि गर्दीत उभ्याने खाता येईल, असं तुम्ही काय नेता?

आणि रात्री भाकरी असली तर भात पूर्ण सोडावा का? सासूबाईंना वरणभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि दोन वेगळे स्वयंपाक करायची ताकद माझ्यात उरत नाही.