सतरा जण मैदानात, आणि रडका कोण? तर म्हणे ग्लेन!

स्टिलऑर्गनचा_शेजारी
२२ जानेवारी २०२३. गेलिक फुटबॉलची (हातपाय दोन्ही वापरून खेळायचा आयर्लंडचा देशी खेळ) अखिल आयर्लंड क्लब फायनल, डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम. डब्लिनचा किलमॅकुड क्रोक्स १-११, डेरीचा ग्लेन १-९. (पहिला आकडा गोल, म्हणजे चेंडू जाळ्यात; दुसरा पॉइंट, म्हणजे चेंडू आडव्या दांड्यावरून; गोलचे तीन पॉइंट. म्हणजे १४-१२.) अगदी शेवटी ग्लेनला '४५' मिळाला. आपल्या ओळखीच्या कॉर्नरसारखाच प्रकार, फक्त चेंडू ४५ मीटरवरून मारायचा. गोल झाला असता तर सामना फिरला असता. आणि तेव्हा किलमॅकुडचे पंधराऐवजी सतरा जण आत! बदली खेळाडू आले, जायचे ते वेळेत गेले नाहीत, एक तर थेट गोलरेषेवर. ग्लेनने तक्रार केली, फेरसामन्याचा आदेश निघाला, किलमॅकुडने अपील केलं आणि शेवटी ग्लेननेच नाद सोडला. मी किलमॅकुडच्या मैदानापासून दहा मिनिटांवर राहतो, तरी सांगतो: माघार घ्यायला नको होती.

क्रोक्सवेडा
रडीचा डाव, दुसरं काय! तासभर खेळून हरलात, मग कागदावर जिंकायला निघालात. वर्षभर आधी याच फायनलला डाऊनच्या किलकू क्लबने जादा वेळेत अगदी शेवटी गोल मारून एका पॉइंटने कप नेला होता आमच्याकडून. तो घाव ताजा असताना गोलसमोर गर्दी झाली, तर त्याला गोंधळ म्हणा. लबाडी कसली? आणि त्या दोघांमुळे निकाल बदलला हे सिद्ध कोण करणार?

डेरीतली_वहिनी
भाऊ, कबड्डीत आठवा गडी उतरवला तर पंच विचारतो का, याने पकड केली की नुसता उभा होता? ग्लेनचं मॅहरा म्हणजे छोटं गाव, क्लबला डेरी काउंटीचं पहिलं सीनियर विजेतेपद मिळालं तेच २०२१ मध्ये. अशी फायनल पुन्हा मिळेल याची खात्री कुणाला होती? आणि तुम्ही तर गॉलवेचा स्टार खेळाडू शेन वॉल्श आणून बसवलात.

क्रोक्सवेडा
वॉल्शची बदली नियमात बसूनच झाली. विषय बदलू नका.

स्टिलऑर्गनचा_शेजारी
वॉल्श राहू दे. मला खटकतं ते वेगळंच. नियमात सामना बहाल करणं, फेरसामना, दंड, सगळं लिहिलं होतं. पण हरलेल्या क्लबने हात वर करेपर्यंत गाडं हललं नाही. म्हणजे मोजायला चुकले पंच, आणि तोंड वाईट झालं ग्लेनचं. इथे शनिवारी सात वर्षांच्या पोरांची मॅच असते, तिथेही कोच शिट्टी वाजण्याआधी बोटाने डोकी मोजतो. क्रोक पार्कवर कुणालाच जमू नये?

बेलफास्टकर
ग्लेनने मैदानावर वसूल केलं की! जानेवारी २०२४, सेमीफायनलला किलमॅकुडलाच घरी पाठवलं. मग फायनलला रॉसकॉमनच्या सेंट ब्रिजिड्स क्लबला २-१० विरुद्ध १-१२, एका पॉइंटने. ग्लेनच्या कॉनर ग्लासचा तो उशिरा आलेला गोल आठवला की अजून काटा येतो. आता कशाला उकरताय?

डेरीतली_वहिनी
तो २०२४चा कप. आम्ही २०२३चं विचारतोय.

क्रोक्सवेडा
२०२३च्या कपावर नाव आमचंच आहे, वहिनी.

डेरीतली_वहिनी
हो ना. पंधरांचं की सतरांचं, तेवढं सांगा.