मदत हवी आहे : ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी किती, ३८, ३२ की ३०?

रामबागकर (इंदूर) : माझी मुलगी अकरावीत असून तिचा अभ्यास हिंदी माध्यमातून चालतो. शिकवणीच्या चाचणीत, पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, असा प्रश्न आला होता. तिने ३२ लिहिले आणि ते चूक ठरले. उत्तरसूचीत ३० आहे आणि पुस्तकात तर ३८ छापले आहे. शनिवारी पुन्हा चाचणी असल्यामुळे विस्तार नको, बरोबर आकडा तेवढा कळवावा.

निवृत्त मास्तर : पेशी कोणती, हे आपण लिहिलेले नाही. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत बहुतेक एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिकाच नसतात. तिथे उत्तर केवळ २ येईल.

रामबागकर : तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच ना? आमच्याकडे सूत्रकणिका म्हणतात. पेशी साधीच आहे.

ग्वाल्हेरच्या काकू : मुलीला थकवा वाटत असेल तर तिला रोज भिजवलेले बदाम द्यावेत. माझ्या भाचीला फार उपयोग झाला.

बडोदेकर : पुस्तकात ३८ असेल तर ३८च लिहावे. आम्ही तेच लिहून उत्तीर्ण झालो.

सूक्ष्मदर्शी : बडोदेकरांशी मी सहमत नाही. ग्लुकोज तुटताना सुटलेले इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि एफएडीएच-२ हे रेणू वाहून नेतात. ३८ हा आकडा एका एनएडीएचमागे ३ आणि एका एफएडीएच-२ मागे २ एटीपी धरून येतो. परंतु पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या आणि पुढे १९७८ चे नोबेल मिळवून देणाऱ्या उपपत्तीनुसार, इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सरकताना सुटणारी ऊर्जा थेट एटीपीत जात नाही. ती तंतुकणिकेच्या आतल्या पटलाबाहेर प्रोटॉन ढकलण्यात खर्च होते आणि तेच प्रोटॉन एटीपी सिंथेस या एटीपी बनवणाऱ्या विकरामधून परत शिरताना त्याचे चक्र फिरवतात. या चक्राच्या एका पूर्ण फेरीत ३ एटीपी तयार होतात. एका एनएडीएचमुळे १० प्रोटॉन बाहेर पडतात, एफएडीएच-२ मुळे ६. आणि एक एटीपी तयार होऊन तंतुकणिकेबाहेर पोहोचेपर्यंत सुमारे ४ प्रोटॉन लागतात. म्हणून ३ आणि २ ऐवजी २.५ आणि १.५ धरावे लागतात. १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-२ चे ३ आणि थेट मिळणारे ४, असे ३२ होतात.

बडोदेकर : मग उत्तरसूचीत ३० कुठून आले?

सूक्ष्मदर्शी : त्या दहांपैकी २ एनएडीएच पेशीद्रवात, म्हणजे तंतुकणिकेबाहेर, तयार होतात आणि त्यांना आतले पटल ओलांडता येत नाही, म्हणून ते आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूच्या हाती आत पाठवतात. हृदय आणि यकृत यांच्या पेशींत ते आतल्या एनएडीएचपर्यंत पोहोचतात. सांगाड्याच्या स्नायूंत मात्र बहुधा एफएडीकडे जातात, त्याचे एफएडीएच-२ होते आणि एकूण २ एटीपी कमी भरतात. मास्तरांनी पेशी विचारली होती ती उगाच नव्हे. कृपया प्रश्न जसाच्या तसा द्यावा.

रामबागकर : प्रश्नपत्रिका आता समोर घेतली आहे. तिच्यात ‘कंकाल पेशी में’ असे आहे. मी मराठी सवयीने ‘पेशी’ वाचले आणि ‘कंकाल’कडे दुर्लक्ष केले.

निवृत्त मास्तर : हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू, आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. कंकाल पेशी म्हणजे सांगाड्याचा स्नायू. उत्तरसूची बरोबर आहे.

बडोदेकर : जुन्या हिशेबानेही स्नायूत ३६च येतात, हे मला मान्य करावे लागेल.

ग्वाल्हेरच्या काकू : स्नायूंसाठीही बदाम चांगलेच.