मदत हवी आहे : एबीए थेरपी, शाळा आणि विमा यांच्या वेळांचा मेळ कसा घालावा? (न्यू जर्सी)

नमस्कार.

आमचा मुलगा पाच वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झालेले आहे. सकाळी तो पब्लिक स्कूलच्या विशेष वर्गात जातो, दुपारी घरी एबीएची (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वर्तनावर आधारित उपचारपद्धती) थेरपिस्ट येते आणि स्पीच व ऑक्युपेशनल थेरपीसाठी त्याला बाहेर न्यावे लागते. एबीए करावी की करू नये, यावर इथे पूर्वी भरपूर चर्चा झालेली आहे, त्यामुळे तो विषय कृपया या धाग्यावर नको. आमची अडचण वेळापत्रकाची आणि त्याच्या हिशेबाची आहे.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उपचाराची योजना बीसीबीए (एबीएची प्रमाणित तज्ज्ञ) आखते, रोजचे प्रत्यक्ष काम तिच्या देखरेखीखाली आरबीटी (नोंदणीकृत सहायक थेरपिस्ट) करते, या दोघी एका एजन्सीमार्फत येतात, आणि विमा कंपनी बहुधा सहा महिन्यांपुरती ठरावीक तासांची मंजुरी देते. हे तास १५ मिनिटांच्या युनिटमध्ये मोजले जातात. म्हणजे आठवड्याला २० तास मंजूर झाले, तर २६ आठवड्यांची २,०८० युनिट होतात. प्रत्यक्षात आरबीटी नोकरी सोडून जाते आणि नवी मिळेपर्यंत काही आठवडे रिकामे जातात, कधी बर्फामुळे रस्ते बंद असतात, कधी मुलगाच तापाने पडलेला असतो. न वापरलेली युनिट पुढच्या मुदतीत मिळत नाहीत. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी वापर कमी दिसतो म्हणून तास कमी करण्याची भाषा करते, आणि एजन्सीकडे माणसे नसल्यामुळे बुडालेले तास मुलाला गरजच नव्हती अशा थाटात कागदावर येतात. आमच्या एजन्सीच्या नोंदीत तर त्यांच्याकडून रद्द झालेली काही सत्रे ‘कुटुंबाकडून रद्द’ अशी लागलेली आढळली. आता प्रत्येक रद्द सत्राचे कारण मी त्याच दिवशी त्यांना ईमेलने कळवते, परंतु नूतनीकरणाच्या अहवालात ते कारण बीसीबीएकडून लिहून घेण्यात मला अजून यश आलेले नाही. कोणाला आले असल्यास नेमकी कोणती मागणी केली आणि ती कोणाकडे केली, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न शाळा आणि एजन्सी यांच्यातील संवादाचा आहे. शाळेच्या नोंदींना फर्पा आणि थेरपीच्या नोंदींना हिपा असे गोपनीयतेचे दोन वेगळे कायदे लागू असल्याने दोन्हीकडे स्वतंत्र लेखी संमती द्यावी लागते. ती आम्ही दिलेली आहे, तरीही निरोप पोचवण्याचे काम आमच्याकडेच राहिले आहे. शाळेत तो पाणी मागण्यासाठी चित्रांचे कार्ड देतो, घरी त्याच गोष्टीसाठी त्याला टॅब्लेटवरचे बटण दाबायला शिकवले जाते, आणि स्पीच थेरपिस्टचा आग्रह तोंडाने शब्द काढण्यावर असतो. हे तिघे महिन्यातून एकदा अर्धा तास जरी फोनवर एकत्र आले तरी पुष्कळ फरक पडेल असे मला वाटते. असा फोन आयईपीमध्येच (मुलासाठी शाळेने करायच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) लिहून घेता येतो का? आणि त्या वेळेचे पैसे विमा देत नाही, या एजन्सीच्या उत्तरावर तुम्ही काय तोड काढली?

आयईपीच्या बैठका भर कामाच्या वेळी ठेवल्या जातात. त्याबाबत आम्हाला उपयोगी पडलेली एक माहिती इथे नोंदवून ठेवते. एफएमएलए (आजारपण व कुटुंबाच्या देखभालीसाठी रजा देणारा अमेरिकी कायदा) याखालील १२ आठवड्यांची बिनपगारी रजा सलगच घ्यावी लागते असे नाही, ती तासातासानेही घेता येते; आणि आयईपी बैठकीसाठी ती वापरता येते, असे अमेरिकेच्या श्रम विभागाने २०१९ मध्ये एका अभिप्राय-पत्रात स्पष्ट केलेले आहे. नोकरीवरच्या कंपनीने मागितल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र मात्र द्यावे लागते.

विमा माझ्या यजमानांच्या कंपनीमार्फत आहे आणि ती योजना स्व-निधीची आहे, म्हणजे दाव्यांचे पैसे कंपनी स्वतः भरते. त्यामुळे ऑटिझमच्या उपचारांना विमासंरक्षण देण्याबाबतचा न्यू जर्सीचा २००९ चा कायदा तिला बांधील धरत नाही. अशा योजनेत विमा कंपनीशी वाद घालत बसण्यापेक्षा थेट एचआरकडे जाणे योग्य ठरते का, आणि गेल्यास मुलाची किती माहिती उघड करावी लागते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

शेवटचा प्रश्न सासूबाईंविषयी आहे. त्या सहा महिन्यांसाठी येत आहेत आणि दुपारी घरी त्याच असतील. पालक-प्रशिक्षणाची सत्रे विम्यात वेगळी मंजूर असतात. त्यांत आजीला बसवता येते का? त्यांना इंग्रजी समजते, पण बोलायला त्या संकोचतात, आणि नातवाशी मराठीतच बोलतात. मी कामावर असताना मराठी दुभाषी मागण्याची सोय कोणाला मिळाली असेल, तर ती एजन्सीकडून मिळाली की विमा कंपनीकडून, तेवढे लिहावे. नूतनीकरणाची कागदपत्रे पुढच्या महिन्यात द्यायची आहेत. मुलांची नावे किंवा वैद्यकीय तपशील येत असतील तर उत्तर व्यक्तिगत निरोपातून पाठवले तरी चालेल.