मदत हवी आहे : झेब्राबाहेर रस्ता ओलांडताना जखमी झालेल्या पादचाऱ्याचा दावा

पादचारी झेब्रा क्रॉसिंगच्या थोडा बाजूने ओलांडत होता, गाडी भरधाव होती. पायाचं हाड मोडून प्लेट घालावी लागली. विमा कंपनी म्हणते, चूक दोघांची, भरपाई निम्मी. पादचाऱ्याच्या माथी येणारा हा वाटा कमी करायला कोणता पुरावा खरोखर टिकतो? ब्रेकच्या खुणा आणि माणूस किती लांब फेकला गेला यावरून वेग काढता येतो, पण एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या खुणा पुसटच उमटतात. एअरबॅग उघडली नसेल तर धडकेच्या वेळचा वेग टिपणाऱ्या गाडीतल्या यंत्रातही नोंद सापडेलच असं नाही. म्हणजे मदार सीसीटीव्हीवर, आणि तो ठरावीक दिवसांनी आपोआप पुसला जातो! चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी केली आहे. फ्रेम मोजून वेग काढून देणारे तज्ज्ञ कुठे शोधावेत? मोबाइलवर घेतलेली नक्कल नको, मूळ फाइलच हवी ना?

दुसरं, प्लेट काढायची शस्त्रक्रिया बाकी आहे. अपंगत्वाची टक्केवारी ठरण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीवर सही केली, तर पुढचा खर्च सहसा मागता येत नाही. तोवर उपचारांसाठी अंतरिम रक्कम मागताना अर्जाला काय काय जोडावं? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.