प्रतिसाद: गढून जाणे आणि तंद्री लागणे

'चपलेची वेणी विणण्यात गढून गेलेली बाई' यातल्या 'गढून गेलेली'ला मूळ लेखात 'एन्सिमिस्मादा' हा स्पॅनिश शब्द सुचवलाय, तो मला पटत नाही. हा शब्द 'एन सी मिस्मो' म्हणजे 'स्वतःच्या आत' यावरून घडलाय. रंकाळ्याच्या कट्ट्यावर कुणी आपल्याच विचारात बसलाय, हाक मारली तरी वळत नाही, तो एन्सिमिस्मादो, म्हणजे तंद्री लागलेला. वेणी विणणारीचं मन तर चामड्याच्या वादीत आहे! तिला 'एन्फ्रास्कादा एन सू त्राबाखो', म्हणजे 'आपल्या कामात गढलेली' म्हणा.

एन्फ्रास्कादो म्हणजे कामात, वाचनात, वादातसुद्धा पुरता गुंतलेला. 'फ्रास्को' म्हणजे बाटली, म्हणून बाटलीत बंद झालेला असं वाटतं खरं, पण हे क्रियापद इटालियनमधून आलंय, मूळ अर्थ झाडीझुडपात अडकणं. मला ही प्रतिमा फार आवडते; आपलं 'गुंतणं' तिच्या जवळचंच.

'आब्सोर्तो' (मग्न) गढून जाणं आणि तंद्री या दोन्हीकडे चालतो, पण तो जरा पुस्तकी. भजनात भान हरपलं तर 'एम्बेलेसादो', त्यात मोहून जाणं आहे.

आणि हो, बाईसाठी शेवटच्या 'दो'चं 'दा' ('आब्सोर्तो'चं 'आब्सोर्ता'), आणि 'असणे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, त्यातलं सोबत 'एस्तार', 'सेर' नाही. ही अवस्था आहे, स्वभाव नव्हे.